दाढ आणि डोळा

"वरची दाढ काढली की डोळा जातो," हे परंदवडीत लहानपणापासून ऐकत आलो. आजी दाढेत लवंग धरायची, रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायची. पण दाढ काढायचं नाव नाही. कैक वर्षं एकाच बाजूनं चावली.

भीती उगाच नव्हती. पूर्वी वैदू चिमट्यानं दाढ ओढायचा, अन् माणूस धरायला दोघं-तिघं लागायचे. भूल कुठली? अमेरिकेत मॉर्टननं ईथर हुंगवून दात काढला तो १८४६ साली. आज हिरडीत टोचतात ते लिडोकेन स्वीडनमध्ये तयार झालं १९४३ साली. आपल्याकडं दंतवैद्यांचा कायदा आला १९४८ साली. काळ बदलला, भीती मात्र चिमट्याच्या वेळचीच राहिली.

मी तळेगावात दाढ काढली तेव्हा दुखली ती फक्त सुई. मग गाल जड झाला, जबड्यावर दाब आला, करकर वाजलं अन् दाढ बशीत पडली. खरी राखण पुढंच. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच जखमेचं झाकण. ते निसटलं की दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका जातो. म्हणून बोळा घट्ट दाबून धरायचा. पहिला दिवस चूळ नाही, थुंकणं नाही. मिश्री-तंबाखू तर पुढंही काही दिवस नाहीच. दुसऱ्या दिवसापासून मिठाचं कोमट पाणी. साखरेचा आजार किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल, तर डॉक्टरला आधीच सांगावं.

नजरेची नस वेगळी, दाढेची वेगळी. दाढ काढल्यानं डोळा जात नाही. किडकी तशीच ठेवली, तर पू मात्र गालात, गळ्यात उतरतो.