भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक : रहीम साहेबांपासून खालिद जमील यांच्यापर्यंतचा प्रवास

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की पेठा रस्त्यावर येतात. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावातही फुटबॉलचं वेड काही कमी नाही. पण भारताच्या संघाला आतापर्यंत कोणी कोणी शिकवलं, असं विचारलं तर दोन-तीन नावांपुढे गाडी सरकत नाही. म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे.

सुरुवात : अनवाणी संघ

स्वतंत्र भारताचा संघ १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेला, तेव्हा प्रशिक्षक होते बलाईदास चटर्जी आणि कर्णधार तालिमेरेन आओ. बहुतेक खेळाडू बूट न घालता खेळले. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना २-१ असा हातचा गेला.

रहीम पर्व (१९५० ते १९६३)

त्यानंतर आले हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक, सोबत हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. सगळे त्यांना 'रहीम साहेब' म्हणत. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० असं हरवून सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. अनवाणी खेळण्याचे दिवस संपले, हे त्या पराभवाने सगळ्यांना कळलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

आजच्यासारखी परिस्थिती असती तर दहा गोल खाल्लेल्या प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशी नारळ मिळाला असता. रहीम साहेब मात्र पदावर राहिले. चार वर्षांनी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवताना मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने हॅटट्रिक केली.

१९६२ ची जकार्ता आशियाई स्पर्धा ही त्यांची शेवटची मोठी कामगिरी. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून २-० अशी हार. जर्नैलसिंग हा बचावपटू, त्यात डोक्याला टाके पडलेले, तरी रहीम साहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्डला खेळवलं. अंतिम सामन्यात पुन्हा समोर कोरियाच होता. सगळं मैदान भारताच्या विरोधात ओरडत होतं. पी. के. बॅनर्जी आणि त्याच जर्नैलसिंगने गोल केले आणि भारत २-१ ने जिंकला. रहीम साहेबांना तेव्हा कर्करोगाने गाठलं होतं. ११ जून १९६३ रोजी ते गेले. 'मैदान' हा अजय देवगणचा हिंदी सिनेमा त्यांच्यावरच आहे. आशियाई स्पर्धेतलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला पुन्हा मिळालेलं नाही.

मधली वर्षं : कधी घरचे, कधी बाहेरचे

१९६४ च्या आशिया चषकात इंग्लंडचे हॅरी राइट प्रशिक्षक होते आणि भारत उपविजेता ठरला. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत जपानला हरवून कांस्य मिळालं. त्या संघाला जी. एम. एच. बाशा आणि पी. के. बॅनर्जी यांचं मार्गदर्शन होतं. युगोस्लाव्हियाचे मिलोवान चिरिच यांच्या हाताखाली संघ १९८४ च्या आशिया चषकाला पात्र ठरला.

नव्वदच्या दशकात परदेशी प्रशिक्षक येत-जात राहिले. उझबेकिस्तानच्या रुस्तम अक्रमोव्ह यांच्या काळात बायचुंग भुतियाला पहिली संधी मिळाली, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये भारत फिफा क्रमवारीत ९४ व्या स्थानी पोहोचला. ती आजवरची सर्वोत्तम जागा.

२००१ च्या विश्वचषक पात्रता फेरीत पंजाबच्या सुखविंदरसिंग यांच्या संघाने बंगळुरूत संयुक्त अरब अमिरातीला १-० असं नमवलं. पुढची फेरी अवघ्या एका गुणाने हुकली.

परदेशी प्रशिक्षकांचा जमाना

इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन पहिल्यांदा २००२ मध्ये आले आणि व्हिएतनाममधला एलजी कप जिंकून दिला. २००६ मध्ये त्यांचेच देशबांधव बॉब हॉटन आले. २००७ आणि २००९ चा नेहरू चषक आणि २००८ चा एएफसी चॅलेंज कप त्यांच्या नावावर आहे. चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सुनील छेत्रीने ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक केली. त्या विजयाने २०११ च्या आशिया चषकाचं दार उघडलं. तिथे मात्र तिन्ही सामने हरलो.

हॉटन गेल्यावर गोव्याचे दोघे आले. आधी काही काळ आर्मांदो कोलासो, मग सावियो मेदेरा. मेदेरांनी २०११ चा सॅफ चषक जिंकला, पण पुढच्या वर्षी चॅलेंज कपचे तिन्ही सामने गेले. नंतर नेदरलँड्सचे विम कूवरमन्स आले आणि २०१२ चा नेहरू चषक भारताने राखला.

२०१५ मध्ये कॉन्स्टंटाइन परतले. तेव्हा भारत १७३ व्या स्थानी होता. २०१७ मध्ये संघ ९६ वर आला. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ असं हरवून सुरुवात झकास झाली. पण बहरीनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत पेनल्टी गेली, संघ बाहेर पडला आणि त्याच रात्री त्यांनी राजीनामा दिला.

त्यानंतर क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक. त्यांच्या काळात आशियाचा विजेता कतार त्यांच्याच घरी ०-० वर रोखला गेला. २०२१ आणि २०२३ चे सॅफ चषकही आले. पण २०२४ मध्ये अफगाणिस्तानकडून घरच्या मैदानावर हार झाली, विश्वचषक पात्रतेची पुढची फेरी हुकली आणि जूनमध्ये त्यांना काढलं गेलं. मग आलेल्या स्पेनच्या मानोलो मार्केझ यांना वर्षभरात एकच विजय मिळाला, तोही मालदीवविरुद्ध.

पुन्हा आपला माणूस

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. मेदेरांनंतर तेरा वर्षांनी पूर्णवेळ पदावर भारतीय. मुंबईच्या फुटबॉलमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून घडलेला हा माणूस. २०१७ मध्ये मिझोरामच्या छोट्याशा आयझॉल क्लबला आय-लीग जिंकून देऊन त्यांनी सगळ्यांना चकित केलं होतं. भारताबरोबर पहिल्याच स्पर्धेत, म्हणजे काफा नेशन्स कपमध्ये, ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळाला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली.

मग चूक कोणाची?

यादी पाहिली की एक गोष्ट लगेच दिसते. देशी की परदेशी, या वादात फारसा दम नाही. दोघांनीही जिंकून दिलंय, दोघांनीही हरवलंय. फरक पडला तो वेळेचा. रहीम साहेबांना दहा गोलांच्या पराभवानंतरही दहा वर्षं मिळाली, हॉटन यांना सलग पाच वर्षांच्या आसपास मिळाली. बाकी बरेच जण संघ ओळखीचा होईपर्यंतच बॅगा भरून निघाले.

दुसरं म्हणजे, राष्ट्रीय प्रशिक्षक खेळाडू घडवत नाही. घडलेले निवडतो. खेळाडू घडतो तो तालमीत, शाळेच्या मैदानावर. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. गावाकडच्या मैदानावर पोरांना रोज संध्याकाळी शिकवणारा कोणी नसेल, तर दिल्लीत कितीही मोठं नाव आणून बसवा, यादीत फक्त एक नाव वाढेल.