मुंबई ते लंडन : अंतर आणि काळ

दोन शहरांमधील अंतर किती, असें विचारलें असतां भूगोलाचें पुस्तक मैलांत उत्तर देतें. प्रवासी तेंच दिवसांत किंवा तासांत देतो. पहिलें उत्तर कायमचें असतें, दुसरें प्रत्येक पिढीस निराळें मिळतें. इतिहासाच्या दृष्टीनें या दुसऱ्या उत्तराचेंच महत्त्व अधिक आहे, असें आम्हांस वाटतें; आणि तें मुंबई व लंडन यांच्या उदाहरणानें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

या दोन शहरांत सरळ रेषेनें सुमारें ७,२०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार हजार मैल अंतर आहे. परंतु शिडाच्या जहाजास आफ्रिका खंडाला वळसा घालून जावें लागे व त्यांत कित्येक महिने जात. १८३० सालीं ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुमारें महिन्याभरांत सुएझला पोंचली, आणि इजिप्तमधून विलायतेस जाण्याची वाट पुढें रूढ झाली.

सातारचे छत्रपति प्रतापसिंह महाराज १८३९ त पदच्युत झाले. त्यांची बाजू मांडण्याकरितां रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले व तेथें सुमारें चौदा वर्षें राहिले. १८४७ त महाराज काशीस निवर्तले. १८४८ त सातारचें राज्यच खालसा झालें. तारायंत्र नसल्यामुळें धन्याच्या मृत्यूची वार्ता देखील त्या स्वामिनिष्ठ वकिलास टपालाच्याच वेगानें कळावयाची होती!

पुढें १८६९ त सुएझचा कालवा खुला झाला व १८७० त समुद्राखालील तारेनें मुंबई विलायतेशीं जोडली गेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीस आलेलें विलायती टपाल लहानशा विमानांतून अहमदाबादमार्गें मुंबईस आणलें. ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून निघालें व कैरो आणि जिनीव्हा येथें थांबत लंडनला गेलें. या प्रवासास सुमारें एक अहोरात्र लागलें. पुढें जेट विमानें आलीं. आज न थांबतां जाण्यास साधारणतः नऊ-दहा तास पुरतात. परततांना मात्र थोडा कमी वेळ लागतो, कारण उंचावरील पश्चिमेचे वारे तेव्हां पाठीशीं असतात.

यावरून यंत्रानें अंतर जिंकलें, असें कोणी म्हणेल. परंतु १९६७ च्या युद्धानंतर सुएझचा कालवा आठ वर्षें बंद होता आणि आगबोटींस पुनः आफ्रिकेचा वळसा पडला. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, तेव्हां पश्चिमेकडील कित्येक फेऱ्या लांबल्या. पृथ्वी तसूभरही वाढली नव्हती. वाट अडली होती ती माणसांच्या वैरामुळें.

रंगो बापूजींच्या चौदा वर्षांपैकीं समुद्रानें थोडेच महिने घेतले. बाकीचीं वर्षें राज्यकर्त्यांच्या दारीं गेलीं. वेगवान् वाहन माणसास दारापर्यंत नेऊन सोडतें. दार उघडणें हें आंत बसलेल्याच्या मनावर अवलंबून असतें. हें दुसरें अंतर तोडणारें विमान अद्यापि कोणीं बांधलेलें नाहीं.