कमानीचा इतिहास व तिचा इशारा

'कमान' हा शब्द आपण तीन ठिकाणीं वापरतों. देवळाच्या दारावर असते ती कमान, घड्याळाच्या पोटांत असते ती कमान, आणि मोटारीखालीं पाट्यांवर पाटे रचून बांधलेली असते तीहि कमानच. मूळ शब्द फारसी असून त्याचा अर्थ धनुष्य असा आहे. धनुष्य वांकतें, परंतु वांकतांना तें आपली शक्ति गमावीत नाहीं, सांठवून ठेवतें, आणि सोडतांच परत करतें. गाडीच्या कमानीचें बहुतेक शास्त्र एवढ्यांत आलें. या धनुष्याचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. मी कांहीं यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हें. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला व जन्मभर मुलांना शिकविलेला एक मास्तर आहें. या विषयाकडे मी वळलों तो माझ्या पुतण्याच्या पिकअप गाडीमुळें.

हा पुतण्या नारायणगांवच्या बाजारांतून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटानें कल्याणला नेतो. गेल्या वर्षीं हंगामाच्या तोंडावर त्याच्या गाडीची मागची बाजू भार पडतांच खालीं बसूं लागली. तेव्हां मागच्या दोन्हीं कमानींत एकेक जाड पाटा घरच्या घरीं वाढवावयाचा, असें त्यानें ठरविलें. अंगणांत काम सुरू झालें, आणि मी खुर्ची टाकून पाहत बसलों. त्या कामाचें पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. प्रथम हा पाटा आमच्या अंगणापर्यंत कोणत्या वाटेनें आला, तें पाहूं.

फार प्राचीन काळापासून गाडीचा आंस व गाडीचा सांगाडा यांच्यामध्यें धक्का झेलणारें असें कांहींच नव्हतें. आपल्या साध्या बैलगाडींत तें अजूनहि नसतें. चाक खड्ड्यांत गेलें कीं तो दणका बसणाराच्या मणक्यापर्यंत जसाच्या तसा पोंचतो. युरोपांतील श्रीमंत लोकांनीं यावर प्रथम चामड्याचा उपाय केला. बसण्याची पेटी ते जाड चामडी पट्ट्यांनीं खांबांना टांगीत. धक्का कमी झाला खरा. पण पेटी पाळण्यासारखी हेलकावे खाऊं लागली.

सतराव्या शतकांत पोलादी कमानींचे प्रयोग होऊं लागले. सॅम्युएल पेपिस या इंग्रज गृहस्थाची रोजनिशी प्रसिद्ध आहे. १ मे १६६५ रोजीं कर्नल ब्लंट याच्या घरीं कमानी बसविलेल्या गाड्यांची परीक्षा झाली, तिची हकीकत त्यानें लिहून ठेविली आहे. रॉयल सोसायटीची जी विद्वान मंडळी त्या दिवशीं तेथें गेली होती, तिच्यांत रॉबर्ट हूक हा होता. त्या वेळीं त्याला तीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. याच हूकनें पुढें १६७८ सालीं स्थितिस्थापकतेचा आपला नियम ग्रंथरूपानें मांडला. भार दुप्पट केला कीं कमानीचा वांक दुप्पट होतो, तिप्पट केला कीं तिप्पट होतो, असा तो साधा नियम आहे. वजन करण्याचा कमानीचा कांटा याच नियमावर चालतो. श्रोतेहो, एवढी गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी कीं, जी कमान धक्का झेलते तीच भारहि मोजते. गाडीची कमान म्हणजे गाडीखालीं कायमचा ठेवलेला तराजूच होय.

नियम कळला, तरी पोलाद भरवशाचें नव्हतें. एकाच कांबीचा एक भाग कठीण व दुसरा मऊ निघे. डॉन्कास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला ही अडचण आपल्या घड्याळांच्या कमानींत जाणवली. त्यानें १७४० च्या सुमारास, शेफील्डजवळ राहून, मातीच्या मुशींत पोलाद वितळवून तें एकजीव करण्याची रीति बसविली. मुशींत पोलाद तयार करण्याची कला दक्षिण हिंदुस्थानांत त्यापूर्वीं कित्येक शतकें चालत आली होती, हेंहि येथें सांगणें योग्य होईल. पुढें १८०४ सालीं लंडनचा गाड्या बांधणारा ओबडाया इलियट यानें अंडाकृति कमानीचें पेटंट घेतलें. दोन धनुष्यें समोरासमोर धरून टोंकांशीं जोडावीं, तशी तिची आकृति होती. या कमानींवर त्यानें गाडी सरळ आंसावरच बसविली. त्यापूर्वीं पुढचा व मागचा आंस सांधणारा एक लांबलचक जड दांडा गाडीला लागत असे. त्याची गरज उरली नाहीं. गाडी हलकी झाली, आणि मध्यम स्थितीच्या माणसालाहि ती परवडूं लागली. माझ्या लहानपणीं स्टेशनावरून गांवांत येणाऱ्या टांग्याखालीं जे पाटे दिसत, ते याच घराण्यांतले.

आतां कोणी विचारील, एकच जाड पाटा कां नको? पातळ पाटे एकावर एक कशासाठीं? मी वर्गांत असतों तर शंभर पानांची वही हातांत घेतली असती. वही वांकविली कीं पानें एकमेकांवरून सरकतात व ती सहज वांकते. तींच पानें खळीनें चिकटवून पुठ्ठा केला, तर तो वांकणार नाहीं. फार जोर केला तर मोडेल. कमानीचे पाटे असेच एकमेकांवरून सरकतात, आणि सरकतांना जें घर्षण होतें त्यानें गाडीचें उसळणेंहि कांहींसें आवरतें. जाडीचा हिशेब मात्र फसवा आहे. लांबी-रुंदी तीच ठेवून पाट्याची जाडी दुप्पट केली, तर त्याचा ताठपणा दुप्पट होत नाहीं, आठपट होतो. आठ मिलिमीटरचा पाटा काढून दहा मिलिमीटरचा घातला, तर दिसण्यांत फरक दोनच मिलिमीटरचा. पण ताठपणा जवळजवळ दुपटीवर जातो.

घोड्यांच्या गाड्यांतून ही कमान मोटारींत आली. अमेरिकेंत १९०८ सालीं हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' गाडी निघाली. तिला पुढें एक व मागें एक अशा दोनच कमानी, त्याहि आडव्या बसविलेल्या होत्या. तेथील शेतकऱ्यांनीं ती गाडी घेतली आणि घरच्या घरीं मागचा भाग कापून त्यावर लांकडी पेटी ठोकली. दूध, धान्य, कोंबड्या, सर्व तींतून बाजारास जाऊं लागलें. पिकअप गाडीचा जन्म असा अंगणांत झालेला आहे. शेतकऱ्यांची ही गरज कारखान्यानेंहि ओळखली. १९१७ सालीं फोर्डनें एक टन भार नेणारी 'मॉडेल टीटी' काढली. परंतु तींत नुसती कमान वाढविली नव्हती. सांगाडा अधिक बळकट केला, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारें दोन फुटांनीं वाढविलें, मागचा आंस व त्यांतील दांत्यांची रचनाहि बदलली. पुढें १९२५ सालीं फोर्डनें तयार पेटीची पिकअप विकावयास काढली. किंमत २८१ डॉलर. पेटी सुमारें साडेचार फूट लांब, आणि मागची कमान अधिक भक्कम. ही मात्र हलक्या ओझ्याचीच गाडी राहिली. या दोन गाड्यांचा इतिहास नीट वाचला, तर त्यांत एक धडा आहे. ओझ्याची मर्यादा खरोखर वाढवावयाची, तर सारी गाडी नव्यानें बांधावी लागते. नुसत्या कमानीनें गाडीचा तोल सुधारतो, तिची मर्यादा वाढत नाहीं.

आतां पुन्हां आमच्या अंगणांत येऊं. काम पोरांनीं नीट केलें, हें मला सांगितलेंच पाहिजे. सपाट जागा पाहून पुढच्या चाकांना दगड लावले. सांगाडा लोखंडी घोड्यांवर टेकविला. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणी गाडीखालीं शिरला नाहीं. आंसाला वेगळा आधार दिला आणि मग यू-बोल्ट सोडले. पाट्यांचा जुडगा दाबांत असतो. मधला बोल्ट काढतांच पाटे उसळूं शकतात, म्हणून तो आधीं शिकंज्यांत आवळून धरला. पाटे घांसून, ग्रीस लावून, लांबीच्या क्रमानें नवा पाटा मध्यें बसविला. जुडगा जाड झाल्यामुळें मधला बोल्ट लांब घेतला. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, म्हणून तेहि नवे आणले, आणि चाकें जमिनीवर टेकल्यावर, गाडीचें वजन कमानींवर आल्यावरच ते शेवटचे आवळले. शंभरएक किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हां तपासून आवळले.

गाडी मागून उंच, ऐटबाज दिसूं लागली. रिकामी असतांना मात्र ती दगडावरून उडे. भरली कीं सपाट राही. पुतण्या मला म्हणाला, "काका, आतां बघा, पाठ वांकतच नाहीं हिची!" आणि पाठ वांकत नाहीं म्हणून त्यानें वीस क्रेट जास्त भरले. एका क्रेटमध्यें वीस किलो धरले, तरी हे चारशें किलो झाले. त्याला लोभी म्हणण्यास माझी जीभ वळत नाहीं. टोमॅटोचा भाव पडतो, पण गाडीचा हप्ता पडत नाहीं.

एका पहाटे माळशेज घाट उतरतांना त्याचे ब्रेक तापले. पाय दाबावा तो पेडल खोल जाऊं लागलें, चाकांतून वास आणि धूर निघाला. गिअर खालीं टाकून त्यानें गाडी डोंगराच्या बाजूस चरांत घातली, म्हणून आज तो हंसतो आहे. दुसरी बाजू दरीची होती. त्या दिवसापासून त्याची आई पहाटे फोन येईपर्यंत चहा घेत नाहीं.

नंतर एका जाणत्या मिस्त्रीनें गाडी तपासून जें दाखविलें, तें ऐकून मला एकदम हूक आठवला. कांहीं पिकअप गाड्यांत मागच्या आंसाला जोडलेली एक दांडी असते. कमान किती दबली हें ती पाहते, आणि त्यावरून मागच्या ब्रेकला किती जोर द्यावयाचा तें ठरतें. भार जास्त तर कमान जास्त दबणार, आणि ब्रेकलाहि जोर जास्त मिळणार. पुतण्याच्या गाडींत ती होती. आम्ही कमान ताठ केली. भार वाढला, पण कमान दबली नाहीं. तेव्हां त्या दांडीला वाटलें कीं गाडी अर्धीच भरली आहे. मागच्या ब्रेकला जोर कमी मिळाला आणि घाटांतला सारा भार पुढच्या ब्रेकवर पडला. तराजूचा कांटा अडकवून ठेवावा व वर पोतीं रचीत जावें, असें आम्हीं केलें होतें.

शेवटीं त्यानें तो जाड पाटा काढला. दमून सपाट झालेले जुने पाटे बदलून तितक्याच संख्येचे व तितक्याच जाडीचे नवे पाटे बसविले. गाडीची पाठ पुन्हां वर आली. नोंदणीच्या पुस्तकांत गाडीचें भारासहित एकूण वजन लिहिलेलें असतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें त्याहून जास्त भार नेणें हा गुन्हा आहे. तो आंकडा त्यानें आतां पेटीच्या फळीवर रंगानें लिहून ठेविला आहे. महिन्याला एक खेप जास्त करावी लागते. झोंप कमी होते. त्यावर माझ्याजवळ उपाय नाहीं, आणि असल्याचा आवहि मी आणीत नाहीं.

श्रोतेहो, पाटा थकला असेल तर अवश्य बदलावा. रोजचा भार मर्यादेंत असून गाडी बसत असेल, तर जाणत्या माणसाला विचारून, ब्रेकची ती दांडी जुळवून घेऊन, कमान सुधारण्यासहि हरकत नाहीं. परंतु कमान वांकते हा तिचा दोष समजूं नये. हूकच्या काळापासून ती वांकूनच आपल्याशीं बोलत आली आहे. 'आतां पुरे' हे तिचे शब्द आहेत. ते ऐकूं येऊं नयेत म्हणून तिच्या तोंडांत पाटा घालणें शहाणपणाचें नव्हे.