कुळाचा दोष नव्हे

बालाघाटात शिकत असताना माझा एक वर्गमित्र डोके धरून कोसळला, तो उठलाच नाही. ‘कुळाचा दोष’ म्हणून लोकांनी त्याच्या आईला बोल लावला. पुढे एका डॉक्टर स्नेह्यांनी सांगितले, ती मेंदूतील रक्तवाहिन्यांची गुंतवळ असावी. तीत रोहिण्या केशिकांवाचून थेट नीलांना मिळतात. दाब न सोसून एखादी वाहिनी फुटते.

ही गुंतवळ जन्मजात व अचल, असे दीर्घकाळ मानले गेले. १९८९ मध्ये फेरारा यांनी रक्तवाहिन्यांना अंकुर फोडणारा वृद्धिघटक, व्हीईजीएफ, वेगळा केला. तोच पुढे गुंतवळीतही आढळला. ती वाढू शकते, हे उमगले. २०१८ मध्ये ७२ पैकी ४५ रुग्णांच्या गुंतवळीत केआरएएस जनुकातील बदल सापडला. तपासलेल्या २१ रक्तनमुन्यांत मात्र एकातही नव्हता. अर्थात तो वारशाने आलेला नव्हता.

त्या माउलीला लावलेला बोल आपण परत घ्यावा, एवढीच विनंती.