एका नव्या घराचे नाव

मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ साली स्थापन झाले. त्याच्या नावातील 'झेवियर' हा शब्द मूळचा इंग्रजी नाही आणि पोर्तुगीजही नाही. त्याचा उगम बास्क भाषेतील एका घराच्या नावात आहे.

स्पेन व फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला बास्क लोक राहतात. त्यांच्या भाषेचे दुसऱ्या कोणत्याही जिवंत भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. तिच्यात 'एचे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवे. कुटुंब घरावरून ओळखले जाई. म्हणून 'एचेबेरिआ', म्हणजे 'नवे घर', हे आडनाव झाले. स्पॅनिशमध्ये त्याची 'एचेवेरिया' व 'चावारिया', तर फ्रेंचमध्ये 'एचव्हेरी' अशी रूपे आढळतात.

नवारेच्या राज्यातील एका गावी या शब्दाने निराळे वळण घेतले. काही समासांत 'एचे'चे 'एचा' होते. त्यातला आरंभीचा 'ए' गळाला, 'च'चा 'श' झाला आणि 'बेरी'चे 'बिएर' झाले. लॅटिन 'तेरा' (जमीन) या शब्दाचे स्पॅनिशमध्ये 'तिएरा' झाले, तसाच हा शेवटचा बदल आहे. गावाचे नाव 'शाबिएर' पडले. तेथील गढीत १५०६ साली फ्रान्सिस यांचा जन्म झाला. १५४२ साली ते गोव्यास आले. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चमध्ये त्यांचे शव आहे. १६२२ साली त्यांना संतपद मिळाले. पुढे त्यांच्या गावाचे नाव मुलांना ठेवण्याची प्रथा अनेक देशांत पसरली.

मग उच्चार इतके वेगळे का? त्या काळी स्पॅनिशमध्ये 'एक्स' या अक्षराचा उच्चार 'श' होता. पोर्तुगीजांनी तो टिकवला. ते आजही 'शाव्हिएर' म्हणतात. स्पॅनिशमध्ये हा ध्वनी घशाकडे सरकून 'ख'सारखा झाला. १८१५च्या लेखनसुधारणेत त्यासाठी 'जे' हे अक्षर ठरले, म्हणून आज त्या गावाला 'खाविएर' म्हणतात. इंग्रजीत शब्दारंभीचा 'एक्स' 'झ' होतो. पोलिश लोक 'क्साव्हेरी', तर इटालियन लोक 'साव्हेरिओ' म्हणतात.

यांपैकी कोणतेही रूप चुकीचे नाही. प्रत्येक भाषेने पाहुणा शब्द स्वतःच्या नियमाने घरात घेतला. विद्यार्थ्याच्या तोंडचे वेगळे रूप ऐकले, की लगेच 'अशुद्ध' असा शेरा मारण्याआधी आपण त्यामागचा नियम शोधून पाहावा. बहुधा तो सापडतो.