शिशाची गोळी आणि मिश्रणाचे गणित

ओतकाम हा आपल्या ओतारी ज्ञातीचा परंपरागत व्यवसाय होय. मूस, साचा आणि भाता यांवर ज्यांच्या पूर्वजांनी संसार केले, त्यांना मिश्रधातूचे महत्त्व निराळे सांगावयास नको. तांब्यात कथील मिसळले की कासे होते, जस्त मिसळले की पितळ होते, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. शिशात काय व किती मिसळावे, यालाही असाच एक इतिहास आहे. तो बंदुकीच्या गोळीचा इतिहास असल्यामुळे सहसा ओतकामाच्या दृष्टीने कोणी पाहत नाही. म्हणून त्याचा अल्प परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्या अकोला जिल्ह्यातून आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, त्याच जिल्ह्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. पुढे १५ डिसेंबरला गाविलगडही पडला. त्या काळी इंग्रज पायदळाच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. तिची गोळी साध्या शिशाची असून एका पौंडात सुमारे १४ गोळ्या होत. गोळी नळीत सैल बसे. त्यामुळे शिसे किती मऊ वा किती कठीण, याचा फारसा विचार करण्याचे कारण नव्हते. शिसे अवघ्या ३२७ अंश उष्णतेवर वितळते. चुलीचा जाळ आणि लोखंडी पळी एवढ्या साहित्यावर छावणीतही गोळ्या ओतता येत.

नळीच्या आत फिरते आटे पाडलेली बंदूक आली, तेव्हा मात्र स्थिती पालटली. १८५७ च्या उठावात ज्या काडतुसाच्या चरबीवरून वणवा पेटला, ते अशाच एन्फिल्ड बंदुकीचे होते. चरबीची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे; आतील गोळीची फारशी कोणास ठाऊक नाही. ती गोळी मुद्दाम शुद्ध, मऊ शिशाची करीत. तोंडाकडून भरताना ती सहज खाली उतरे आणि बार उडताच फुगून आट्यांत घट्ट बसे. येथे मऊपणा हाच गुण होता.

पुढे दारूचा जोर वाढला. मऊ शिसे आट्यांत घासून नळीला चिकटू लागले व नेम बिघडू लागला. तेव्हा १८७१ साली इंग्रजी सैन्याने स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या गोळीत १२ भाग शिशास १ भाग कथील मिसळू लागले. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये निघाला, तो याच संक्रमणाच्या काळात. त्यानंतर गोळीवर दुसऱ्या धातूचे कवच आले, तरी .३०३ गोळीच्या गाभ्यातील शिशात शेकडा २ भाग अँटिमनी असेच.

अँटिमनी हा धातू ठिसूळ खरा. परंतु तो शिशाला कथिलापेक्षा अधिक कठीण करतो. याच गुणामुळे त्याने छापखान्यातही प्रवेश केला. जावजी दादाजी यांनी १८६४ साली मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या व्यवसायातील धातूही शिसे, अँटिमनी व कथील यांचाच. अक्षराच्या बारीक रेषा दाबाखाली टिकाव्यात, म्हणून तो गोळीपेक्षा पुष्कळ कठीण ठेवावा लागे. धातू तेच; काम बदलले की प्रमाण बदलले.

हे प्रमाण काढण्याची रीत आम्ही शाळेत मिश्रणाच्या गणितात शिकविली आहे. ओळी ओतणाऱ्या लायनो यंत्राच्या धातूत शेकडा ८४ शिसे, १२ अँटिमनी व ४ कथील असते. त्यापासून शेकडा ४ अँटिमनीचा धातू हवा असेल, तर १ भाग लायनोच्या धातूस २ भाग शुद्ध शिसे घ्यावे. म्हणजे ३ किलोस ६ किलो. कथील त्याच हिशेबाने शेकडा सव्वाच्या किंचित वर राहते. मात्र येथे विद्यार्थी एक चूक करतात. घटकांचे प्रमाण त्रैराशिकाने निघते, कठिनता तशी निघत नाही. मूस लवकर निवविली की हळू, यावरही ती अवलंबून असते. काही मिश्रणे तर ओतल्यानंतर कित्येक दिवस बदलत राहतात. म्हणून अखेर परीक्षा हवी. शुद्ध शिशावर नखाचा ओरखडा उठतो, ही झाली जुनी परीक्षा. स्वीडनच्या ब्रिनेल यांनी १९०० साली पोलादी गोळी धातूवर दाबून खळगा मोजण्याची रीत दिली. त्या मापाने शुद्ध शिसे सुमारे ५ व लायनोचा धातू सुमारे २२ भरतो.

अहमदनगरास १५४९ साली ओतलेल्या मुलूख-मैदान तोफेवर ओतणाऱ्या मुहम्मद बिन हुसेन रूमीचे नाव कोरलेले आहे. गोळीवर नाव कोरण्यास जागा नसते. तरीही बारास एक हे मार्टिनीचे प्रमाण आज आपण सांगू शकतो, कारण ते कोणी तरी लिहून ठेवले. आपल्या वडिलधाऱ्यांची प्रमाणे मात्र बोटांत आणि डोळ्यांत राहिली; रसाचा रंग पाहून ते ओळखीत, कागदाला शाई लावीत नसत. ज्यांच्या घरी असे वृद्ध आज हयात आहेत, त्यांनी त्यांच्याजवळ बसून वजने व मापे टिपून घ्यावीत. शिशाची वाफ व भुकटी विषारी असते, मुलांना तर फारच. ही सूचनाही त्याच टिपणात असावी. हात थांबला म्हणजे विद्या थांबते. लिहिलेली विद्या मात्र पुढच्या हाताची वाट पाहत राहते.