टीबी सीलचं कोरियन कूळ

ऑक्टोबर उजाडला की सर टीबी सीलचा गठ्ठा घेऊन वर्गावर यायचे. घरून चिल्लर आणायची, मागचा डिंक जिभेने ओला करायचा आणि तो तिकिटाएवढा कागद वहीवर डकवायचा. त्यावर दोन आडव्या दांड्यांचा लाल क्रूस असे. हा मुळात नाताळचा ऐवज आहे, हे कुणी सांगितलं नाही. आणि तेही आमच्या नगर जिल्ह्यात, जिथे १८३१ मध्येच अमेरिकन मराठी मिशनने ठाण मांडलं होतं!

ठाऊक असलेला भाग थोडक्यात: १९०४ साली डेन्मार्कमधल्या आयनार होल्बोल या टपाल कर्मचाऱ्याच्या कल्पनेतून नाताळच्या पत्रांवर लावायचं हे धर्मादाय तिकीट निघालं, १९०७ मध्ये ते अमेरिकेत पोचलं.

मला चक्रावून टाकलं ते कोरियाने. डॉ. शेरवुड हॉल १८९३ मध्ये सोलमध्ये जन्मले, मिशनरी डॉक्टर दांपत्याच्या पोटी. त्यांच्या आईची शिष्या एस्तेर पार्क, पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली पहिली कोरियन स्त्री, १९१० मध्ये क्षयाने गेली. हॉल यांनी १९२८ मध्ये हेजूला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं आणि डिसेंबर १९३२ मध्ये नाताळचं सील. चित्र ठरलं होतं कासव-जहाजाचं. सोळाव्या शतकात याच जहाजांनी जपानी आरमाराला पाणी पाजलेलं, आणि आता कोरियावर राज्य जपानचं! परवानगी कसली मिळतेय? शेवटी सोलचा दक्षिण दरवाजा छापला. आज तिथला नाताळ म्हणजे सार्वजनिक सुट्टी, जोडप्यांची भटकंती आणि क्रीमचा केक. पण सील टिकून आहे. २००९ मध्ये त्यावर स्केटिंगपटू किम युना झळकली.

१९४० मध्ये हॉल यांना कोरिया सोडावा लागला. ते आले थेट अजमेरजवळच्या मदारला, क्षयरोग्यांच्याच सॅनेटोरियमवर. आणि तिथेही त्यांनी सील काढलं. देशव्यापी टीबी सील मोहीम ट्यूबरक्युलॉसिस असोसिएशनने सुरू केली १९५० मध्ये.

जाणकार म्हणतील, असोसिएशनने अमेरिकेचा कित्ता गिरवला. दुहेरी क्रूस तर १९०२ पासूनच क्षयविरोधी चळवळीची जागतिक खूण. कबूल. पण अमेरिकेत ज्याला सील विकायचं, त्याच्या घरी नाताळ होताच. ज्यांच्या घरी तो नाही त्यांच्या गळी सील उतरवायचं, तर येशूजन्माऐवजी गावची वेस छापावी लागते, हा धडा हॉल कोरियात गिरवून आले होते. आपल्याकडे मोहीम चाले गांधी जयंती ते प्रजासत्ताक दिन; नाताळ मधल्या मध्ये गुपचूप बसलेला. आणि मदारहून असोसिएशनची दिल्ली काही लांब नाही. दहा वर्षांत ही युक्ती तिथवर पोचली नसेल, हे मला पटत नाही.

राहुरी-श्रीरामपूरकडे कुणाच्या ट्रंकेत चाळीस-पन्नासच्या दशकांतली नाताळची पाकिटं असतील, तर रद्दीत घालण्याआधी पाठीमागे दुहेरी क्रूस दिसतो का तेवढं पाहा. दिसलाच, तर खाली मदारचं नाव आहे का, तेही वाचा.